अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांसाठीच्या 'फ्रीडम स्कूल'मध्ये नेमकं काय चालतं? ही फक्त उन्हाळी शिकवणी आहे का?

नाही, शिकवणी नाही. मूळ 1964 मधलं आहे. मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या कार्यकर्त्यांनी चर्चमध्ये, झाडाखाली, मिळेल तिथे उन्हाळी वर्ग भरवले. आजचा कार्यक्रम मॅरियन राइट एडलमन यांच्या 'चिल्ड्रेन्स डिफेन्स फंड' या बालहक्क संस्थेने 1990 च्या दशकात उभा केला. स्थानिक चर्च, शाळा आणि संस्था तो चालवतात.

सहसा सहा आठवड्यांचं सत्र असतं. सकाळी नाश्ता, मग अर्धा तास 'हरांबे': गाणी, घोषणा, आणि वस्तीतल्या कुणीतरी मोठ्या माणसाने येऊन पुस्तक वाचून दाखवायचं. ही वेळ कधीही कापू नये, पुढचा सगळा उत्साह इथूनच येतो. त्यानंतर वाचनवर्ग. साधारण दहा मुलांमागे एक मार्गदर्शक, बहुतेकदा कॉलेजचा विद्यार्थी, आधी प्रशिक्षण घेतलेला. पुस्तकं अशी निवडतात की मुलांना त्यांत आपल्यासारखी माणसं भेटावीत. पंधरा मिनिटं सगळ्यांनी, अगदी स्वयंपाकघरातल्यांनीही, हातातलं काम सोडून वाचायचं. दुपारी कला, खेळ, सहली. पालकांसाठी दर आठवड्याला बैठक.

बिघडतं कुठे? वाचनाच्या जागी परीक्षेच्या कार्यपत्रिका आल्या की मुलं कंटाळतात. ने-आणीची सोय आणि जेवण नसेल तर गळती होते. पुस्तकं मुलांना घरी कायमची द्यावीत, तिथे काटकसर नको. लांबलचक सुट्टीत मागे पडणारं वाचन टिकवायचं तर पुस्तक घरात हवंच.