मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांमुळे शिक्षण खरोखर सर्वांना खुले झाले आहे का?

मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांनी शिक्षण सर्वांना खुले केले, की हा नुसता गाजावाजा आहे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते अभ्याससाहित्य खुले झाले आहे आणि ते फार मोठे काम आहे. परंतु शिकणाऱ्याची वही तपासणारा माणूस त्यासोबत आलेला नाही, आणि बहुतेक अडचणींचे मूळ तेच आहे.

एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाने २००१ मध्ये आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य विनामूल्य उपलब्ध करून देण्याची घोषणा केली. दहा वर्षांनी, २०११ मध्ये, सेबास्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्विग यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातर्फे शिकवलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरील मोफत अभ्यासक्रमाला सुमारे १,६०,००० जणांनी नावे नोंदवली आणि २०१२ मध्ये कोर्सेरा व एडएक्स ही ऑनलाइन अभ्यासक्रम देणारी व्यासपीठे सुरू झाली. पुढे हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडएक्सवरील अभ्यासक्रमांची आकडेवारी तपासली गेली, तेव्हा २०१७-१८ मध्ये ते पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण जेमतेम ३ टक्के आढळले. या आकड्यावरून निकाल देण्याची घाई मात्र करू नये, कारण अनेकजण एखादे प्रकरण चाळण्यापुरतीच नोंदणी करतात. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांमध्ये हेच प्रमाण निम्म्याच्या जवळपास होते.

मी संभाव्यताशास्त्राचा असा एक अभ्यासक्रम केला आहे. सशर्त संभाव्यतेच्या, म्हणजे एखादी अट पूर्ण झाली असे धरून शक्यता काढण्याच्या, एका गणिताला पडद्यावर फक्त लाल फुली उमटली, आणि उत्तर का चुकले याविषयी एक अक्षरही नव्हते. चर्चामंचावर एका अनोळखी विद्यार्थ्याने लिहिले होते की अट लागू झाल्यावर छेदात सर्व शक्यता घ्यायच्या नसतात, अट पूर्ण करणाऱ्याच घ्यायच्या असतात. त्या एका वाक्याने जे उलगडले, ते तासाभराच्या व्याख्यानाने उलगडले नव्हते. ज्याचा पाया आधीच पक्का आहे तो असे वाक्य शोधून काढतो. ज्याला या शिक्षणाची सर्वांत जास्त गरज आहे, तो बहुधा त्या फुलीपाशीच थांबतो, आणि मला या व्यवस्थेत सर्वाधिक खटकते ते हेच.

मोफत आणि मुक्त यांतही फरक करायला हवा. युनेस्कोच्या २०१९ च्या शिफारशीनुसार मुक्त शैक्षणिक साहित्य म्हणजे जे कोणालाही विनामूल्य वापरता, बदलता आणि पुन्हा वाटता येते. अनेक व्यासपीठांवरील मजकूर या अर्थाने मुक्त नसतो: तो पाहता येतो, पण भाषांतर करून इतरांना देता येत नाही. एडएक्स २०२१ मध्ये ८० कोटी डॉलरला टूयू या कंपनीकडे गेले. मालक बदलला की अटीही बदलू शकतात. मुक्त परवान्याखाली, म्हणजे वापरण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची लेखी मुभा असताना, उतरवून घेतलेली प्रत मात्र आपल्याकडेच राहते.

म्हणून आपण अभ्यासक्रम निवडणार असाल तर आधी परवाना पाहा, मग चर्चामंचावरील शेवटचे उत्तर किती जुने आहे ते पाहा, आणि शक्य असल्यास तोच विषय शिकणारा आणखी एकजण गाठून दर आठवड्याला एकमेकांची गणिते तपासा.