कमी पाण्यावर जगणारी, मधमाश्या-फुलपाखरांना आवडणारी झाडं हवामानाप्रमाणे कशी निवडावीत?

तुम्ही लिहिलंय की 'कमी पाण्याची' म्हणून लावलेली लॅव्हेंडर कडक उन्हाळा तरली आणि पावसाळ्यात मेली, मग अशा याद्यांवर विश्वास ठेवायचा का? याद्या खोट्या नसतात, पण अर्धवट असतात. पाऊस किती पडतो याआधी तो कधी पडतो ते बघा.

लॅव्हेंडर, रोझमेरी, थाइम ही भूमध्य समुद्राकाठची मंडळी. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. ऊन आणि ओल एकदम आली, की यांची मुळं कुजतात. याउलट झिनिया आणि कॉसमॉस मूळची मेक्सिकोकडची, उन्हाळी पावसाची, म्हणजे आपल्या मोसमी पावसासारख्या उष्ण दिवसांतल्या पावसाची. पावसात वाढतात आणि नंतर जमिनीतल्या ओलीवर फुलत राहतात. मोसमी पावसाच्या प्रदेशात हीच लावा. लॅव्हेंडरचा हट्टच असेल तर कुंडीत, भरपूर खडी घालून, पावसाच्या आडोशाला.

रोपांच्या लेबलवर 'झोन' लिहिलेला असतो, त्यावर फार विसंबू नका. अमेरिकी पद्धतीचा हा आकडा हिवाळ्यात तापमान किती खाली जातं एवढंच सांगतो. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर झोन 10 आहे आणि दक्षिण फ्लोरिडातही आहे. पहिल्या ठिकाणी उन्हाळा कोरडा, दुसऱ्या ठिकाणी उन्हाळ्यातच धो धो पाऊस. आकडा एक असला तरी बागा वेगळ्याच होणार.

आता पाहुण्यांचं. काटक झाड म्हणजे मधमाश्यांचं झाड असं समीकरण नाही. तरवड कोरड्या माळावर पिवळाधमक फुलतो, पण त्याच्या फुलात मध नसतो, फक्त पराग. तोही परागकोशाच्या टोकाच्या छिद्रांतून बाहेर पडतो. भुंगे फुलाला धरून अंग थरथरवतात आणि पराग झाडून घेतात. मधाच्या पोळ्यातल्या माश्यांना ही युक्ती जमत नाही. रुईही भुंग्यांची लाडकी. शिवाय प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या तिची पानं खातात. (चीक मात्र डोळ्यांत जाऊ देऊ नका.) ऑफिस टाइम (चिनी गुलाब) लावणार असाल तर एकेरी पाकळ्यांची घ्या. दुहेरी फुलांत बरेच पुंकेसर पाकळ्यांत बदललेले असतात, त्यामुळे माशीच्या हाती फारसं काही लागत नाही.

आणखी एक. काटक झाडालाही पहिलं वर्षभर मुळं धरेपर्यंत पाणी लागतंच. पुढेही फार ताण पडला तर झाड जगतं, पण फुलांतला मध आटतो. म्हणून ऐन बहरात अधूनमधून एखादं सावकाश, खोल पाणी द्या. लागवड उन्हाळी पावसाच्या प्रदेशात पावसाच्या सुरुवातीला करा. हिवाळी पावसाच्या प्रदेशात उन्हाळा सरल्यावर, पावसाच्या तोंडावर.