'आदी'मधली मुलं

प्रिय बाई,

अनेक आशीर्वाद. पाचवीपासून जिला वर्गात नावाने हाक मारली, तिला 'बाई' लिहिताना हात अडखळतो. पण आता मुलंच म्हणतात, तर मी कोण सोडणारा!

तुझा फोन आला तेव्हा पाऊस पत्र्यावर असा वाजत होता की निम्मं बोलणं कळलंच नाही. कळलं ते एवढंच की विभागवाटपात प्रसिद्धी विभाग तुझ्या गळ्यात पडला. नवा माणूस आला की हे लोढणं त्याच्याकडेच जातं. माझ्याही गळ्यात असंच पडलं होतं, ते निवृत्तीपर्यंत निघालं नाही. "सर, बातमी कशी लिहायची ते सांगा," म्हणालीस. त्यासाठी आधी माझ्याच एका बातमीची गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना समोर कुणी नसलेलं बरं. म्हणून हे पत्र.

नोकरीचं तिसरं वर्ष. आपल्या शाळेचा मुलींचा खो-खोचा संघ तालुक्यात पहिला आला. अंतिम सामना मी मैदानाच्या कडेला उभं राहून पाहिला होता. शेवटच्या पाळीत आपल्या मुली संरक्षणाला, आघाडी फक्त सहा गुणांची. पहिली तुकडी झटपट बाद झाली. दुसऱ्या तिघींतल्या दोघी गेल्या आणि आठवीतली एक बारकी पोर तेवढी उरली. समोर आठ जणी पाटीवर बसलेल्या, नववी हिच्या मागावर. मैदान ओलं, एका खांबाजवळ चिखल. ही त्या चिखलाच्या बाजूला फिरकलीच नाही. साखळी खेळत, मधूनच उलटी वळत, तिने वेळ खाल्ला. शिट्टी वाजली तेव्हा ती नाबाद होती, आणि एक चप्पल कुठे राहिली ते शोधायला पळाली.

आता मी काय लिहिलं ते ऐक. कात्रण अजून माझ्या पेटीत आहे. संस्थेच्या अध्यक्षांपासून सुरुवात, मग उपाध्यक्ष, कार्यवाह, दोन देणगीदार, मुख्याध्यापक, पर्यवेक्षक. मोजली तर अकरा नावं भरतात. शेवटचं वाक्य असं: 'यावेळी शिक्षक, पालक व विजयी संघाच्या खेळाडू आदी उपस्थित होत्या.'

उपस्थित होत्या! सामना त्यांनीच जिंकला, म्हणजे उपस्थित असणारच की.

कात्रण व्हरांड्यातल्या फलकावर लावलं. मधल्या सुट्टीत ती पोर आली. एकेका ओळीवरून बोट फिरवत तळापर्यंत वाचत गेली, आणि पुन्हा वरून सुरू. मी शिक्षकखोलीच्या दारात उभा. माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, आमची नावां खंय आसत?" तक्रार नव्हती गं ती. तिला खरंच वाटलं होतं की नावं आहेत, आपल्यालाच सापडत नाहीत.

"पुढच्या वेळी नक्की," असं काहीतरी मी पुटपुटलो. पुढच्या वेळी संघ पहिल्याच फेरीत हरला, आणि हरलेल्या संघाची बातमी कोण छापतो?

तेव्हापासून माझी एक सवय झाली, ती तुला देतो. बातमी लिहून झाली की पाठवण्याआधी 'आदी' हा शब्द शोधायचा आणि त्याच्या पोटात कोण कोण गेलंय ते पाहायचं. दहातल्या नऊ वेळा तिथे मुलं सापडतात. त्यांना तिथून उचलून पहिल्या वाक्यात आणायचं, नुसत्या नावाने नाही तर त्यांनी काय केलं त्यासकट. खो-खोची बातमी असेल तर कोणी किती मिनिटं संरक्षण केलं, कोणी किती गडी टिपले, ते लिही. क्रीडाशिक्षकांच्या गुणपत्रकात ते सगळं असतं, मागितलं की देतात. आजवर कुणी मागितलेलं नसतं, एवढंच.

तू विचारशील, अध्यक्षांचं काय? तू शिक्षणसेवक आहेस, कायम व्हायला अजून तीन वर्षं पुरी व्हायची आहेत. मी तुला भांडायला सांगत नाही. पाहुण्यांची नावं शेवटच्या परिच्छेदात घाल, पण हुद्द्यासकट आणि आद्याक्षरासकट, अगदी बिनचूक. नाव खाली आलं म्हणून माझ्याकडे कुणी रागावून आलं नाही. नाव चुकलं म्हणून मात्र दोनदा बोलणी खाल्ली. आणि वृत्तपत्रात जागा कमी पडली की मजकूर खालून कापतात. हे तुझ्या-माझ्यात राहू दे.

नावांवरून आठवलं. ऐकून नाव लिहू नकोस. पोराच्या हातात कागद दे, त्यालाच लिहू दे, मग जनरल रजिस्टरशी ताडून बघ. आपल्याकडच्या एका गावडेचा मी एकदा 'गावंडे' करून ठेवला. त्याची आजी शाळेत आली. माझ्याशी एक शब्द बोलली नाही, कात्रण टेबलावर ठेवलं आणि गेली.

बाकी तांत्रिक गोष्टी फारशा नाहीत. तालुक्याचे वार्ताहर जीव तोडून धावणारी माणसं असतात, त्यांना टाईप केलेला मजकूर दे. हस्ताक्षराच्या कागदाचा फोटो काढून पाठवशील तर तो त्यांना रात्री बसून पुन्हा टाईप करावा लागतो. दुपारी चारच्या आत पाठव. फोटो आडवा, खाली 'डावीकडून' म्हणून क्रमाने नावं. झालं.

खरं अवघड आहे ते बातमी ओळखणं. प्रभातफेरी, दीपप्रज्वलन, ३ जानेवारीला सावित्रीबाई, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, २८ला विज्ञान दिन, ही यादी दरवर्षी तीच. मागच्या वर्षीची बातमी काढून तारीख बदलली तरी कुणाला कळत नाही. (मी बदलली आहे. खरंच कुणाला कळलं नाही.) निकालाचंही तेच. कोकण मंडळ सुरू झाल्यापासून आपले रत्नागिरी-सिंधुदुर्ग दहावी-बारावीत राज्यात पुढेच आहेत. शेजारच्या चार शाळा शंभर टक्क्यांवर असताना 'शंभर टक्के निकालाची परंपरा कायम' हे कोण वाचणार?

बातमी कुठे असते ते मला एका बाटलीने शिकवलं. सातवीच्या मुलांनी विज्ञानाच्या बाईंबरोबर प्लॅस्टिकच्या बाटलीचं पर्जन्यमापक केलं होतं. वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवलेला, तळाशी खडे, पट्टीच्या शून्यापर्यंत पाणी. रोज सकाळी साडेआठला आकडा घ्यायचा, कारण हवामान खात्याचीही तीच वेळ. मी काय लिहायला निघालो होतो, सांगू? 'विज्ञान मंडळाचे उद्घाटन मान्यवरांच्या हस्ते.' तेवढ्यात बाईंनी सहज सांगितलं की रविवारीही आकडा चुकत नाही. मला खरं वाटेना. रविवारी जाऊन बघितलं. शाळेला कुलूप, फाटकावरून उडी मारून एक पोरगा आत आलेला, डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ. वाकला, डोळा पाण्याच्या रेषेला समांतर आणला, खिशातल्या कागदावर आकडा लिहिला आणि कागद भिजू नये म्हणून दातांत धरून पुन्हा फाटक चढला.

जुलैत एका रात्री असा कोसळला की बाटली ओसंडली. सकाळी वर्गात वाद. ओसंडलेला पाऊस लिहायचा कसा? एक म्हणाला, कालच्याइतका लिहूया. दुसरा म्हणाला, खूप. शेवटी वहीत एका मुलीने लिहिलं, 'बाटलीभर आणि वर.' मला विचारशील तर माझ्या सगळ्या नोकरीतलं हे सर्वांत प्रामाणिक वाक्य. मोजता आलं तेवढं सांगितलं, आलं नाही ते लपवलं नाही.

ती बातमी सहा ओळींची झाली, त्या पोराच्या आणि त्या मुलीच्या नावाने. रोजचा आकडा आम्ही फाटकाबाहेरच्या फळ्यावर लिहायला लागलो. लावणीचे दिवस होते. आठवड्याभरात जाणारे-येणारे थांबायला लागले. एक म्हातारबाबा तर फळा असून मलाच विचारायचे, "गुरुजीनू, काल किती पडलो?" वाचता येत नव्हतं त्यांना, हे मला उशिरा समजलं. शाळेची बातमी गावाची होते म्हणजे काय, ते मी तिथे पाहिलं. अशी एखादी बाटली तुझ्याही शाळेत कुठेतरी असेल. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना विचार, शिपाईमामांना विचार. कोणतं पोर काय करतंय ते त्यांना आपल्याआधी ठाऊक असतं.

आता जे छापायचं नाही त्याबद्दल. गणपतीत चाकरमानी येतात, मंडळं वह्या-दप्तरं वाटतात. चांगली माणसं असतात, मनापासून देतात. पण त्यांना फोटो हवा असतो, आणि फोटोत हवी असतात वह्या धरलेली 'गरजू' मुलं. मी अशा रांगा उभ्या केल्या आहेत. एका वर्षी आठवीतल्या मुलाने फोटोच्या क्षणी वह्या चेहऱ्यासमोर धरल्या. फोटोवाला ओरडला, "ए, खाली कर!" त्याने खाली केल्या. तो फोटो छापून आला आणि त्यानंतर तो पोरगा त्या वह्यांत लिहीना, जुन्याच वह्यांच्या मागच्या पानांवर लिहायचा. माझ्या लक्षात यायला दिवाळी उजाडली.

पुढे मी एक युक्ती काढली, तीही घे. देणगीदाराचा फोटो मुख्याध्यापकांबरोबर, मध्ये वह्यांचा गठ्ठा, बस. वाटप दुसऱ्या दिवशी वर्गात, हजेरी घेताना. देणगीदाराला सांगायचं, "साहेब, पोरं परीक्षेत आहेत." परीक्षा नेहमी कुठली ना कुठली चालूच असते. शिवाय मुलांचे फोटो छापायला पालकांची लेखी संमती जूनमध्येच घेऊन फाईल करून ठेव. आणि एखादं मूल कुठल्या लैंगिक अत्याचाराला बळी पडलं असेल, तर त्याचं नाव, घर, शाळा, काहीही बाहेर जाता कामा नये. पोक्सो कायद्याने तो गुन्हा आहे. वार्ताहर कितीही ओळखीचा असला तरी अशा वेळी तुझा फोन लागत नाही, असं समज.

हळूहळू हे काम मुलांकडे दे. फलकाच्या बातम्या त्यांनाच लिहू देत, आणि पहिला खर्डा मालवणीत असला तरी खोडू नकोस. घरच्या भाषेत ती बघितलेलं लिहितात. प्रमाण भाषेत लिही म्हटलं की लगेच 'मान्यवरांच्या शुभहस्ते' सुरू करतात. दुसरा खर्डा प्रमाण मराठीत करून घे. ६ जानेवारीला पत्रकार दिन येतोच. १८३२ साली त्या दिवशी 'दर्पण' हे मराठीतलं पहिलं वृत्तपत्र निघालं, काढणारे बाळशास्त्री जांभेकर आपल्याच देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. तेही मास्तरच, एल्फिन्स्टनमध्ये शिकवायचे. तेव्हा हे काम मास्तरांचं नाही असं शिक्षकखोलीत कुणी म्हणालं, तर तुझ्याकडे उत्तर तयार आहे. त्या दिवशी भाषणं ठेवण्याऐवजी एखाद्या वार्ताहराला वर्गात बसव आणि मुलांना त्याची मुलाखत घेऊ दे. त्याला आजवर कुणी काही विचारलेलं नसतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी येतोय, तेव्हा शाळेवरून जाईन. फोनवर म्हणालीस की जुना फलक उतरवून नवा लावायचाय. सुतार येईल तो सवयीने मोठ्या माणसाच्या उंचीवर खिळे ठोकेल. त्याच्याजवळ उभी राहा आणि पाचवीतलं सर्वांत बुटकं पोर बोलावून त्याच्या डोळ्यांची रेघ भिंतीवर मार. मला वाकून वाचावं लागेल, पण माझ्या गुडघ्यांचं मी बघतो.

तुझा,
सर