ताटातल्या रिकाम्या जागेचे काय?

वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरे, या वेळी लो-कार्ब आहारावर, म्हणजे कार्ब्ज (धान्ये, साखर यांतली कर्बोदके) कमी ठेवणाऱ्या आहारावर. आलेल्या पत्रांत ‘काय सोडू?’ असे विचारणारे पुष्कळ आहेत, ‘सोडलेल्याच्या जागी काय घेऊ?’ असे विचारणारे मोजके. आहार मोडतो तो बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रश्नापाशी, म्हणून उत्तरांत त्यालाच जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : कोणी दिवसाला 20 ग्रॅम कार्ब्ज सांगतो, कोणी 100. सुरुवात कुठून करायची?

दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. दिवसाला 130 ग्रॅमच्या खाली कार्ब्ज असतील तर त्या आहाराला साधारणपणे लो-कार्ब म्हणतात. 50 ग्रॅमच्या खाली गेलात की तो कीटोजेनिक (शरीर मुख्यतः चरबीवर चालते अशा) आहाराच्या हद्दीत येतो आणि 20 हा त्यातला सर्वांत कडक प्रकार. तुलनेसाठी सांगायचे तर 2000 कॅलरींच्या आहारात निम्म्या कॅलरी कार्ब्जमधून येत असतील तर ते 250 ग्रॅम होतात. तिथून एकदम 20 वर उडी मारणारा माणूस बहुधा दहा दिवसांत परत 250 वर असतो. आमचा सल्ला : पहिले दोन-तीन आठवडे 100 च्या आसपास राहा. गरज वाटली तर मग 70, 50 असे उतरा.

त्याआधी तीन दिवस खाण्यात काहीही बदल न करता फक्त लिहून ठेवा. काटा स्वयंपाकाच्या ओट्यावरच असू द्या. भांडे ठेवून शून्य करा आणि नेहमीएवढा भात वाढा. शिजलेल्या भातात 100 ग्रॅममागे साधारण 28 ग्रॅम कार्ब्ज असतात. म्हणजे 150 ग्रॅम भरला तर 42. इथे एक चूक हमखास होते. खाण्याची नोंद ठेवायच्या ॲपमध्ये ‘तांदूळ’ निवडला जातो आणि वजन घातले जाते भाताचे. कच्च्या तांदळात 100 ग्रॅममागे 80 ग्रॅम कार्ब्ज असतात, त्यामुळे हिशेब जवळपास तिप्पट फुगतो. उलट चूक झाली, तर तितकाच आटतो.

दुसरी गळती पेयांची. चार कप कॉफी, प्रत्येकी 100 मिलि दूध आणि दोन सपाट चमचे साखर, असे धरा. दुधाचे 19 आणि साखरेचे 32, मिळून 51 ग्रॅम. घास न चावता 100 पैकी निम्मा वाटा संपला. भात कमी करण्याआधी हा कप बघा. तो आटोक्यात आला तर जेवणात बरीच मोकळीक मिळते.

प्रश्न : पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले. दुसऱ्या आठवड्यात काटा जागचा हलला नाही. काय चुकले?

काहीच नाही. पहिले दोन किलो मुख्यतः पाणी होते. शरीर ग्लुकोजचा साठा ग्लायकोजनच्या रूपात ठेवते. यकृतात सुमारे 100 ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे 400. प्रत्येक ग्रॅमसोबत तीनएक ग्रॅम पाणी बांधलेले असते. साठा खाली आला की ते पाणीही जाते. चरबीचा वेग याहून फार कमी असतो. रोज 500 कॅलरींची तूट राहिली तर आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास, तोही सुरुवातीला. अर्धा किलो घट पाण्याच्या रोजच्या चढ-उतारात सहज लपते. म्हणून सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी रोज वजन करा आणि सात दिवसांची सरासरी काढा. सरासरीची तुलना सरासरीशीच करायची. बेंबीच्या पातळीवर टेप लावून दोन आठवड्यांतून एकदा पोटाचा घेरही मोजा.

प्रश्न : तिसऱ्या दिवसापासून डोके दुखते, उठताना चक्कर येते, रात्री पोटरीत गोळे येतात. भरपूर पाणी पितो तरी उतार नाही.

नुसते पाणी पिऊन हे वाढूही शकते, कारण कमी पडते आहे ते मीठ. कार्ब्ज घटले की इन्सुलिन उतरते, आणि इन्सुलिन उतरले की मूत्रपिंडे जास्त सोडियम बाहेर टाकू लागतात. त्यातच पाकिटबंद खाणे सुटल्याने त्यातले मीठही सुटलेले असते. आणि तुम्ही वरून लिटरभर जास्त पाणी पिता.

रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार नसेल तर पहिले आठ-दहा दिवस रोज एक-दोन वाट्या गरम सूप घ्या. दिवसभराच्या सुपात मिळून जास्तीचे मीठ अर्धा छोटा चमचा, म्हणजे अंदाजे 3 ग्रॅम. त्यात साधारण 1.2 ग्रॅम सोडियम असते. डोकेदुखी मिठामुळेच असेल तर बऱ्याचदा त्याच दिवशी फरक कळतो. पालेभाज्या, मशरूम, ॲव्होकॅडो यांतून पोटॅशियम मिळते, ते रोज पोटात जाऊ द्या. ‘लो सोडियम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात मात्र पोटॅशियम क्लोराइड असते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर आणि मूत्रपिंडाच्या आजारात ते धोक्याचे आहे. ते स्वतःच्या मनाने सुरू करू नका. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना चक्कर येत असेल, तर घरी रक्तदाब मोजून डॉक्टरांना कळवा. या आहारात तो उतरतो आणि डोस जास्त ठरू शकतो.

प्रश्न : मी शाकाहारी आहे, अंडी चालतात. भात आणि ब्रेड बंद केले, पण संध्याकाळी पाच वाजता अशी भूक लागते की हाताला लागेल ते खाते.

तुमचे पत्र आम्ही मुद्दाम सविस्तर घेतो आहोत. भात गेला, पण त्या जागी काय आले? तुम्ही कळवलेल्या यादीप्रमाणे सकाळी काकडी-टोमॅटो आणि कॉफी, दुपारी भाजी आणि थोडे दही. याला लो-कार्ब म्हणण्यापेक्षा अर्धपोटी म्हणणे खरे. कार्ब्ज आणि कॅलरी दोन्ही गेल्या आणि प्रथिने जेमतेम. पाच वाजता शरीर त्याचीच वसुली करते.

आधी प्रथिनांचा आकडा ठरवा. वजनाच्या दर किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम. तुमचे वजन 70 किलो, म्हणजे दिवसाला 84 ते 105 ग्रॅम. वजन उंचीच्या मानाने फार जास्त असेल तर हा हिशेब योग्य वजनावर करावा. आता ते ताटात बसवू. एका अंड्यात 6 ग्रॅम. 30 ग्रॅम घट्ट चीजमध्ये 7. पाणी गाळून घट्ट केलेल्या 100 ग्रॅम दह्यात 9 ते 10. घट्ट टोफूत 100 ग्रॅममागे 12 ते 15, पण कंपनीगणिक बराच फरक पडतो, तेव्हा लेबल वाचा. शिजवलेल्या मसूर डाळीत 100 ग्रॅममागे प्रथिने 9, कार्ब्ज 20 आणि त्यांतले 8 फायबर. डाळ पूर्ण बंद करू नका. शाकाहारी माणसाने 20 ग्रॅम कार्ब्जचा हट्ट धरला की डाळ जाते आणि मग उरते फक्त चीज आणि कंटाळा. 80 ते 100 च्या हद्दीत डाळ आरामात बसते.

सकाळीच 25 ते 30 ग्रॅम प्रथिने पोटात जाऊ द्या. तीन अंडी आणि 30 ग्रॅम चीज म्हणजे 25 झाले. दुपारी 200 ग्रॅम टोफू, वाटीभर डाळ आणि त्याच्या दुप्पट भाजी. फ्लॉवर, कोबी, पालक, दुधी, ढोबळी मिरची यांतले काहीही घ्या, शिजवताना तेलात काटकसर नको. कार्ब्जही कमी आणि तेलही कमी असे केले तर जेवण तासाभरात उतरते. पाचची भूक तरीही राहिली तर ती वेळ मोकळी सोडू नका. 150 ग्रॅम घट्ट दही आणि बदाम साडेचार वाजताच खा. भुकेने कासावीस झाल्यावर कोणाच्याही हातून निवड नीट होत नाही.

प्रश्न : कार्ब्ज 60 च्या आत आहेत, तरी वजन तीन महिने अडले आहे. मधल्या वेळी फक्त काजू-बदाम खातो.

‘फक्त’ किती, ते वजन करून बघा. 30 ग्रॅम काजू म्हणजे जेमतेम मूठभर, सुमारे 165 कॅलरी आणि 9 ग्रॅम कार्ब्ज. बदामात कॅलरी तितक्याच, कार्ब्ज 6 आणि त्यांतले निम्म्याहून अधिक फायबर. डबा समोर ठेवून टीव्ही बघताना 100 ग्रॅम कधी संपतात कळत नाही, आणि ते 550 कॅलरींच्या पुढे जातात. लो-कार्बमध्ये कॅलरी मोजाव्या लागत नाहीत हे अर्धसत्य आहे. भूक शमल्यामुळे खाणे आपोआप कमी होते तोवर ते खरे, पुढे नाही. तेलाचा एक मोठा चमचा 120 कॅलरींचा असतो. कॉफीत लोणी घालायची टूम तुम्ही उचलली असेल तर ती आधी बंद करा. काजू वाटीत मोजून घ्या आणि डबा कपाटात परत ठेवा.

प्रश्न : ‘शुगर फ्री’ बिस्किटे चालतील का?

सहसा नाही. साखर नसली तरी पीठ असते. गोडीसाठी माल्टिटॉल वापरले असेल तर तेही रक्तातली साखर वाढवते, साखरेपेक्षा कमी पण नक्कीच, आणि जास्त झाले तर पोट बिघडवते. एरिथ्रिटॉल या दुसऱ्या गोडीच्या पदार्थाचा रक्तातल्या साखरेवर जवळजवळ परिणाम होत नाही. लेबल वाचताना आणखी एक मेख आहे. फायबर पचून साखर होत नाही, म्हणून बरेच जण ते कार्ब्जमधून वजा करतात. काही देशांच्या लेबलांवर कार्ब्जच्या आकड्यात फायबर धरलेले असते, काहींच्या लेबलांवर ते आधीच वेगळे काढलेले असते. दुसऱ्या प्रकारात पुन्हा फायबर वजा केले की आकडा खोटाच कमी होतो.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. त्यांना हा आहार सुरू करू का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या चालू असतील आणि जेवणातले कार्ब्ज निम्मे केले, तर जुना डोस जास्त होतो आणि साखर धोकादायक रीतीने उतरते. डोस आहारासोबतच, अनेकदा पहिल्याच दिवसापासून, कमी करावा लागतो. किती, ते डॉक्टर ठरवतील. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे दिसली की लगेच साखर तपासा. 70 मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली असेल तर लो-कार्बचा नियम बाजूला ठेवून 15 ग्रॅम साखर पाण्यातून द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपत असेल तर तोंडातून काही देऊ नका, थेट रुग्णालय गाठा.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचा धोका वेगळा आहे. यांच्यासोबत कार्ब्ज फार कमी केले तर रक्तात कीटोन-आम्ल (चरबी जळताना तयार होणारे आम्ल) साचू शकते, तेही साखर फारशी वाढलेली नसताना. त्यामुळे ग्लुकोमीटर बघून घरचे निर्धास्त राहतात. मळमळ, उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास असे काही दिसले तर तातडीने दवाखान्यात न्या आणि गोळीचे नाव सांगा. गर्भवती, स्तनपान करणाऱ्या माता, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि खाण्याच्या विकारातून गेलेले यांनीही हा आहार स्वतःहून सुरू करू नये.

प्रश्न : पोट साफ होत नाही.

धान्यांबरोबर फायबर गेले, ते परत आणा. दिवसाला 25 ते 30 ग्रॅम हवे. भाज्यांचे प्रमाण वाढवा आणि जवसाची पूड एक मोठा चमचा दह्यात, भरपूर पाण्यासोबत घ्या. एकदम तीन चमचे घेतलेत तर पोट फुगेल.

प्रश्न : सोमवार ते शुक्रवार नीट पाळतो. शनिवार-रविवार मोडतो. सोमवारी पुन्हा डोकेदुखी. मनाचा निग्रहच कमी पडतो का?

निग्रहाला कशाला दोष द्यायचा? तुमचा आठवडाच तसा आखलेला आहे. दोन दिवस 300-300 ग्रॅम कार्ब्ज खाल्ले की ग्लायकोजन आणि पाणी परत भरते, वजन किलो-दीड किलोने वर दिसते. सोमवारी तेच पाणी मिठासकट पुन्हा बाहेर पडते. म्हणजे दर आठवड्याला तुम्ही पहिला, सर्वांत त्रासाचा आठवडा नव्याने काढता आहात.

समजा 40 वर पाच दिवस आणि 300 वर दोन दिवस, तर याची सरासरी 114 येते. त्यापेक्षा सातही दिवस 100 ते 110 वर राहा. त्यात शनिवारी थोडा भात बसतो आणि रविवारी एखादे फळही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने 609 प्रौढांवर केलेला एक वर्षाचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. लो-कार्ब गटाचे वजन सरासरी 6 किलो आणि लो-फॅट गटाचे 5.3 किलो उतरले. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला नाही, मात्र दोन्ही गटांत एकेका माणसाचा निकाल खूप वेगवेगळा होता. तेव्हा आकडा थोडा सैल झाला म्हणून हळहळू नका, तो महिनोन्‌महिने पेलतो का ते बघा.

प्रश्न : कोणत्या तपासण्या कराव्यात?

सुरू करण्यापूर्वी आणि तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), एचबीए1सी (तीनएक महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज), क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी) आणि यूरिक ॲसिड. ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी बहुधा उतरते. काही जणांचे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, मात्र चांगलेच वाढते. तसे झाले तर लोणी आणि चरबीयुक्त मांस कमी करून तेल, मासे, बदाम-अक्रोड यांकडे वळा, कार्ब्ज थोडे वाढवा आणि पुन्हा तपासा. संधिवाताचा यूरिक ॲसिडवाला प्रकार असेल तर पहिल्या काही आठवड्यांत तो उसळू शकतो.

ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची चाचणी ठरली असेल, तर आधीचे किमान तीन दिवस रोज 150 ग्रॅम किंवा जास्त कार्ब्ज खा. मधुमेह असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच. थेट लो-कार्बवरून गेलात तर शरीराला एवढे ग्लुकोज एकदम हाताळायची सवय उरलेली नसते आणि मधुमेह नसतानाही आकडा वर येऊ शकतो. चाचणी लिहून देताना आहाराबद्दल विचारले जाईलच असे नाही, आपणच आधी सांगावे.