इजिप्तमधील आजच्या ऊदवादकांपैकी कोणाची वाटचाल आवर्जून समजून घ्यावी?

आपण लिहिले आहे की सरोद ऐकता ऐकता आपण ऊद या अरबी तंतुवाद्याकडे वळलात, इराकी आणि तुर्की वादक ऐकून झाले, आणि आता इजिप्तमधील आजचा एखादा वादक व संगीतकार नीट समजून घ्यायचा आहे. मी आपल्याला मुस्तफा सईद यांचे नाव सुचवीन. त्यांच्याहून लोकप्रिय वादक इजिप्तमध्ये आहेत, परंतु जुने ऐकणे आणि नवे रचणे ही दोन कामे इतकी एकजीव झालेली कारकीर्द माझ्या ऐकण्यात दुसरी नाही.

सईद यांचा जन्म १९८३ चा. ते दृष्टिहीन आहेत. इराकी ऊदवादक नसीर शम्मा यांनी कैरोत स्थापन केलेल्या 'बैत अल-ऊद' या संस्थेत ते शिकले, २००४ मध्ये तेथील शिक्षण पूर्ण केले आणि तेथेच शिकवलेही. शम्मा यांच्या परंपरेत ऊद हे प्रामुख्याने एकल वादनाचे, मैफलीच्या मध्यभागी बसणारे वाद्य आहे आणि त्यात बोटांच्या तयारीला मोठा मान आहे. सईद यांच्याकडे ती तयारी होती, तरीही त्यांनी ऊद पुन्हा गाण्याच्या शेजारी आणून बसवले. ते स्वतः गातात, आणि त्यांचा ऊद गळ्याला उत्तर देत चालतो.

हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी कैरोतील गायक 'तख्त' नावाच्या लहानशा ताफ्यासोबत गात असत. ऊद, कानून हे आडवे ठेवून छेडायचे तंतुवाद्य, नै हा बासरीचा प्रकार, व्हायोलिन आणि रिक हे खंजिरीसारखे तालवाद्य, एवढीच वाद्ये. सगळे एकच चाल वाजवीत, परंतु प्रत्येक जण आपापल्या वळणाने, त्यामुळे एकाच सुरावटीच्या चार-पाच रेषा एकमेकींना लगटून चालल्यासारख्या वाटत. 'दौर' या गानप्रकाराच्या मध्यात मुख्य गायक आणि मागचे साथीदार 'आह' या एका अक्षरावर सवाल-जवाब करीत, आणि तो भाग किती रंगवायचा हे त्या रात्रीच्या श्रोत्यांवर ठरे. पुढे नभोवाणी आणि चित्रपट आले, तख्ताची जागा मोठ्या वाद्यवृंदाने घेतली, डझनभर व्हायोलिने लिहिलेली चाल एकसारखी वाजवू लागली. उम्म कुल्सूम या विख्यात इजिप्शियन गायिकेच्या काळातील गाण्यांचे वैभव मी नाकारत नाही, मला ती मनापासून प्रिय आहेत. परंतु त्या वैभवाखाली एक उत्स्फूर्त कला दबली गेली, हेही खरे आहे.

ती कला उरली तबकड्यांवर. सईद लेबनॉनला गेले, तेथील अँटोनीन विद्यापीठात शिकवू लागले, आणि कमाल कस्सार यांनी २००९ मध्ये उभारलेल्या, 'अमार' या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या अरब संगीताच्या संग्रह व संशोधन संस्थेचे संचालक झाले. तेथे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या हजारो तबकड्या आहेत, त्यातील मोठा भाग १९०३ ते १९३० च्या दशकातील आहे. यूसुफ अल-मनयलावी या १९११ मध्ये निवर्तलेल्या थोर गायकाच्या ध्वनिमुद्रणांचा दहा सीडींचा संच या संस्थेने काढला. तो मी आधी कुतूहलाने आणि मग अक्षरशः वही घेऊन ऐकला. तबकडीची एक बाजू तीन-चार मिनिटांत संपते, त्यामुळे लांबलचक दौर मध्येच तुटतो, बाजू पालटली की गायक पुन्हा सूर धरतो, आणि त्या तुटलेल्या जागीही साथीदारांची दाद खरखरीतून स्पष्ट ऐकू येते. आपल्याकडे गौहर जान यांच्या तबकड्यांवर जो जिवंतपणा जाणवतो, त्याच जातीचा हा आहे. 'दुरूब अल-नगम' या ध्वनिमालिकेत सईद अशाच तबकड्या उलगडून दाखवतात.

सरोद ऐकणाऱ्याच्या कानाला एक गोष्ट लगेच पटेल. सरोदप्रमाणेच ऊदवर पडदे नसतात. 'रास्त' या मकामातील, म्हणजे आपल्या रागासारख्या स्वरचौकटीतील, तिसरा स्वर आपल्या कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मध्ये कुठेतरी बसतो. तो नेमका कुठे बसतो हे चालीच्या दिशेवर आणि गायकाच्या मनावर ठरते. १९३२ च्या कैरो येथील अरब संगीत परिषदेत, जिला बार्टोक आणि हिंडेमिथ हे युरोपीय संगीतकारही उपस्थित होते, सप्तकाचे चोवीस समान भाग करावेत की नाही यावर मोठा वाद झाला होता. सईद यांचे वादन ऐकताना मला तो वाद निरर्थक वाटू लागतो, कारण त्यांची बोटे एकाच आलापात तो गंधार दोन-तीन वेगवेगळ्या जागी ठेवतात आणि प्रत्येक वेळी तो खराच वाटतो. 'ऊद' म्हणजे अरबीत लाकूड. आपल्या उदबत्तीतला ऊद त्याच शब्दातून आला आहे, हे सांगण्याचा मोह आवरत नाही.

त्यांच्या रचनांकडे मात्र जुन्या चालींची नक्कल म्हणून पाहू नये. २००३ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या संचाचे नाव 'असील'. हा शब्द आपल्या 'अस्सल'च्या कुळातला. या संचासाठी त्यांनी उमर खय्यामच्या रुबायांना चाल लावली. त्याच कवीच्या रुबाया उम्म कुल्सूम यांनी रियाद अल-सुनबाती यांच्या चालीत गायल्या होत्या, त्यामुळे हे धाडसच होते. दुसरी मोठी रचना म्हणजे तमीम अल-बरघूती या समकालीन कवीची 'बुर्दा'. शब्द आजचे, चाल नवी, परंतु वादकांनी एकमेकांना ऐकत पुढे जाण्याची रीत तख्ताची. २०१९ मध्ये लिस्बनला झालेल्या पहिल्या आगाखान संगीत पुरस्कारांत त्यांचा गौरव झाला.

गर्दीत उभे राहून गायले जाणारे ऊदसंगीत आपल्याला हवे असेल, तर अलेक्झांड्रियाचे हाझेम शाहीन आणि त्यांचा 'इस्कंदरेला' हा संच ऐका. सय्यद दरवीश आणि शेख इमाम या जुन्या इजिप्शियन गायक-संगीतकारांची गाणी घेऊन ते २०११ च्या उठावात कैरोच्या तहरीर चौकात गात होते. सईद ऐकायचे असतील, तर आधी मनयलावींचा एखादा दौर खरखरीसकट पूर्ण ऐका आणि त्यानंतर लगेच 'रुबाया' लावा. पहिल्या दहा मिनिटांतच कोणती वळणे तबकडीवरून आली आणि कोणती त्यांची स्वतःची, हे आपल्या कानाला कळू लागेल.