डावीकडच्या शिरांचं ऑपरेशन आणि बाळाची वाट

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. वय ३४, राहायला कोपरखैरणेत, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी आहे. लग्नाला चार वर्षं झाली. बायको ३१ची, तिच्या तपासण्या व्यवस्थित आहेत. माझा शुक्राणूंचा काउंट दोन्ही वेळा ८० लाखांच्या आसपास आला. डाव्या बाजूला संध्याकाळी ठणकतं. डॉक्टर म्हणाले व्हेरिकोसील आहे, म्हणजे अंडाच्या शिरा फुगल्यात, ऑपरेशन करा. त्याने मूल होईलच का? पुरुषपणावर परिणाम होईल का? आईला काही सांगितलेलं नाही, ती हिलाच बोलते.

उत्तर: आधी आईंना सांगा, आजच. चार वर्षं तुमच्या पत्नीने जे ऐकलं ते तिचं नव्हतंच. तुम्ही शेजारी बसून बोललात तर तिला फार मोठा आधार होईल.

आता दुखण्याचं. डाव्या अंडाची शीर बरीच वर जाऊन मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. तिच्या झडपा सैल पडल्या की रक्त खाली साचतं, शिरा फुगतात. शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंडावा लागतो, तो मिळत नाही. गोण्यांमुळे हे झालं असं मनात घेऊ नका. बहुतेकांना हे वयात येतानाच सुरू होतं. वजन उचलताना फक्त ठणका वाढतो.

माझ्या ठाण्याच्या दवाखान्यात मी पेशंटला उभं करून, जोर करायला सांगून हाताने तपासतो. गोणी शिवायच्या सुतळीचा गुंता असावा तशा शिरा बोटांना लागतात. अशा लागत असतील, काउंट कमी असेल (दर मिलिलीटरला १ कोटी ६० लाख ही खालची मर्यादा धरतात) आणि पत्नीचं वयही हाताशी असेल, तर ऑपरेशन जरूर करा. नुसत्या सोनोग्राफीत दिसणाऱ्या, हाताला न लागणाऱ्या शिरांसाठी मात्र मी कुणालाच टेबलावर घेत नाही.

जांघेत दोन-तीन सेंटिमीटरची चीर. मायक्रोस्कोपखाली फुगलेल्या शिरा बांधायच्या, धमनी आणि पाण्याच्या बारीक नळ्या वाचवायच्या. त्या नळ्या बांधल्या गेल्या तर पुढे अंडाभोवती पाणी साचतं, म्हणून मायक्रोस्कोप आहे का हे आधी विचाराच. पुरुषपणाला धक्का लागत नाही. ताकदीची म्हणून विकली जाणारी हार्मोनची इंजेक्शनं मात्र चुकूनही घेऊ नका, त्यांनी शुक्राणू बनणंच थांबतं.

मूल होईलच, असा शब्द मी देणार नाही. दहापैकी सहा-सात जणांचा रिपोर्ट सुधारतो. वर्ष-दीड वर्षात आपोआप दिवस जातात ते तिघा-चौघांच्या घरी. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, त्यामुळे पहिली तपासणी तीन महिन्यांनी, दुसरी सहा महिन्यांनी. मधल्या काळात दर पंधरवड्याला रिपोर्ट काढून जीव टांगणीला लावू नका. वर्षभरात काही झालं नाही तर दोघांनी मिळून वंध्यत्वतज्ज्ञांकडे जा. पत्नी ३६-३७ची असती तर मी एवढंही थांबायला सांगितलं नसतं.

दुसऱ्या दिवशी घरी चालता-फिरता येतं. पण ५० किलोची गोणी चार आठवडे पाठीवर नको, टोळीच्या मुकादमाला आधीच सांगून ठेवा.