गाजराची गोळी नको, गाजर खा

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाला ४९व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला. ऑपरेशननंतर तो आता बरा आहे. मी ४४ वर्षांचा आहे. रोज पाच-सहा सिगारेटी होतात. भाज्या फारशा आवडत नाहीत, म्हणून बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेतो. तेवढं पुरे आहे का?

उत्तर : गोळ्या आजच बंद करा. इतकं ठासून सांगते ते तुमच्या सिगारेटींमुळे. बीटा-कॅरोटीन म्हणजे गाजरासारख्या भाज्या-फळांना रंग देणारं द्रव्य. अशी रंगीत भाज्या-फळं खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी दिसतो, म्हणून फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर अशा गोळ्यांची चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला तो उलटाच. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचे कॅन्सर १८ टक्के जास्त! अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. कॅन्सरच्या रुग्णांना आहार सांगताना नातेवाइकांच्या हातात या डब्या दिसल्या की मला खरंच काळजी वाटते. गाजर खाण्यात असा धोका आढळलेला नाही.

आता आतड्याचं. तिथे सर्वांत भक्कम आधार आहे चोथ्याचा, म्हणजे फायबरचा. आपल्याला न पचलेला चोथा मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी प्रामुख्याने त्यावरच जगतात. शिवाय मळ लवकर पुढे सरकतो, त्यातली घातक द्रव्यं अस्तराला कमी वेळ लागून राहतात. तुमच्या गोळीत यातलं काहीच नाही. भाज्या आवडत नसतील तर कोंड्यासकट धान्य, डाळी, कडधान्यं यांपासून सुरुवात करा. चोथा त्यांत भरपूर असतो. मात्र हळूहळू वाढवा आणि पाणी प्या, नाहीतर पोट फुगेल. पुढे फळं-भाज्या मिळून दिवसाला ४०० ग्रॅमपर्यंत जा. सॉसेज, सलामी खात असाल तर सोडा.

यामुळे धोका कमी होतो, टळत नाही. सिगारेटीचं नुकसान तर कुठलीच भाजी भरून काढत नाही. ती सोडायला डॉक्टरांची मदत घ्या.

आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, झाली आहे का? सख्ख्या भावाला साठीच्या आत हा आजार झाला असेल, तर तपासणी चाळिशीपासून किंवा त्याच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधीपासून, यांत जे आधी येईल तेव्हा, सुरू करायची असते. म्हणजे तुमची वेळ होऊन गेली आहे. आतड्याच्या अस्तरावर वाढलेले कोंब (पॉलिप) सापडले तर कॅन्सर होण्याआधीच काढता येतात. याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा आणि भावाचं निदानाच्या वेळचं वय त्यांना आवर्जून सांगा.